मंदावलेला संगणक आणि रुपयाएवढा सेल

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की माणसांबरोबर घरातला संगणकही सुस्तावतो. सकाळी सातला नीट चालणारे यंत्र दुपारी दोनला एक पान उघडायला दोन मिनिटे घेते. माऊस अडखळतो, आतला पंखा घरघरतो. वैतागून ‘रिस्टार्ट’ करावे, तर पडदा काळाच राहतो. मुलांचे प्रवेश अर्ज आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रे नेमकी याच दिवसांत भरायची असतात. दुरुस्तीवाला ‘विंडोज नवी टाकावी लागेल’ म्हणतो, शेजारी ‘आता नवाच घ्या’ म्हणतात. रोग्याला न तपासता औषध लिहून देण्याचाच हा प्रकार आहे.

पहिला प्रश्न एकच विचारायचा: त्रास केव्हा होतो? सकाळी ठीक आणि दुपारी मंद, किंवा चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे ठीक आणि मग मंद, असे असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा. संगणकाचा प्रोसेसर काम करताना तापतो. त्याची उष्णता धातूच्या पात्यांमधून आणि पंख्याने बाहेर टाकली जाते. बहुतेक प्रोसेसरची सहनशक्ती १०० अंश सेल्सिअसच्या आसपास संपते. तिथवर पोहोचण्याआधीच ते स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद होते. म्हणजे हा मंदपणा बऱ्याचदा रोग नसतो, तो शरीराने केलेला बचाव असतो.

इथे माणूस आणि यंत्र यांच्यात एक मोठा फरक आहे. भोवतालची हवा ४५ अंशांवर असली तरी माणसाचे शरीर घामाच्या बाष्पीभवनामुळे ३७ अंशांच्या जवळ राहू शकते. संगणकाला घाम येत नाही. त्याची पाती खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाहीत. समजा, एखादा प्रोसेसर काम करताना खोलीच्या तापमानाच्या ४० अंश वर जातो. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असेल तर तो ६५ वर राहील आणि मे महिन्यात, खोली ४५ वर असेल तर, ८५ वर. त्यात पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला की उरलेले पंधरा अंश सहज ओलांडले जातात.

विदर्भात याला कूलरची जोड मिळते. कूलरच्या वाऱ्याचा झोत थेट संगणकावर यावा अशी मांडणी अनेक घरांत असते. हेतू चांगला असतो, पण त्या वाऱ्यात ओल असते आणि पंप जोरात असेल तर पाण्याचे बारीक तुषारही असतात. पाणी बोअरचे, क्षारांचे असेल तर ते क्षार आणि धूळ मिळून पात्यांवर आणि बोर्डावर खरपुडी धरते. संगणक कूलरच्या खोलीत असावा, झोतात नसावा. भिंतीला टेकवलेले किंवा लाकडी कपाटात कोंबलेले कॅबिनेट वीतभर पुढे ओढले तरी फरक दिसतो.

धूळ काढायची ती संगणक बंद करून, प्लग भिंतीतून उपसून, अंगणात किंवा गॅलरीत, नाकातोंडाला रुमाल बांधून. दम्याचा त्रास असलेल्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. वर्षानुवर्षे साचलेली घरातली धूळ एकदम उडाली की दमा उठतो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. चार-पाच वर्षांच्या यंत्रात प्रोसेसर आणि पात्यांमधला मलमासारखा लेप वाळलेला असतो. तो पुसून नवा, मुगाच्या दाण्याएवढा, लावून घ्यावा.

सकाळ-दुपार सारखीच मंद चाल असेल तर कारण वेगळे. टास्क मॅनेजर उघडून पाहावे. ‘डिस्क’ सतत १०० टक्क्यांवर असेल आणि यंत्र जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचे असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवणे हा सर्वांत गुणकारी उपाय. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र बाकी सगळे सोडून आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. फॉरमॅट, दुरुस्तीची सॉफ्टवेअरे हे सगळे नंतर. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर केलेला प्रत्येक प्रयोग तिचे आयुष्य कमी करतो.

आता पुन्हा चालू न होण्याविषयी. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केले म्हणजे सगळे पुसले गेले असे नसते. ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे यंत्रणेचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत येतो, त्यातल्या अडचणीसकट. ‘रिस्टार्ट’मध्ये मात्र यंत्रणा नव्याने उभी राहते. पडदाच उजळत नसेल तर प्लग काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत अडकलेला भार निघून जातो. मग पेन ड्राइव्ह, प्रिंटर असे सगळे काढून चालू करून पाहावे. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक साध्या खोडरबराने पुसून परत बसवणे हा दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय आजही अनेकदा लागू पडतो. बोर्डावरचे छोटे पिंपासारखे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले दिसले तर दोष तिथे आहे. या घटकांचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात तो लक्षात ठेवण्याजोगा.

एक डबा घरी कधीही उघडू नये: एसएमपीएसचा. भिंतीतल्या २३० व्होल्टचे त्यात सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश विजेत रूपांतर होते आणि प्लग काढल्यावरही तो भार आत काही काळ टिकू शकतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तो संगणकाचा नव्हे, घराच्या अर्थिंगचा आजार समजावा. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते तशी ती वीज कमी वाहून नेते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी सवय म्हणूनच शहाणपणाची आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत घुसवून काम चालवणे मात्र अंगावर येऊ शकते.

संगणक चालू होतो, पण घड्याळ भलतेच वर्ष दाखवते आणि चुकलेल्या तारखेमुळे संकेतस्थळे ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत, अशीही एक तक्रार असते. काही यंत्रे यात अडकून सुरूच होत नाहीत. कारण बोर्डावरचा सीआर २०३२ नावाचा चपटा सेल. २० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे जवळजवळ रुपयाएवढा, ३ व्होल्टचा. बदलायला पाच मिनिटे लागतात आणि खर्चही किरकोळ येतो. या सगळ्या दुरुस्तीतला सर्वांत धोक्याचा क्षण मात्र त्यानंतरचा आहे. जुना सेल टेबलावर ठेवला जातो, ‘संपलाच आहे’ म्हणून. आणि घरात रांगणारे किंवा नुकतेच चालू लागलेले मूल असते.

संगणकाच्या दृष्टीने संपलेला सेल मुलाच्या दृष्टीने संपलेला नसतो. घड्याळ चालवायला त्याचा दाब कमी पडतो, पण ओल्या ऊतीत पाण्याचे विघटन करायला सव्वा व्होल्टच्या आसपासही पुरतात. अन्ननलिकेत अडकलेल्या सेलच्या दोन्ही बाजू लाळेने जोडल्या जातात, प्रवाह सुरू होतो आणि ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो. सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. अवघ्या दोन तासांत अन्ननलिका गंभीरपणे भाजू शकते. सेल काढल्यावरही ही जखम पुढे काही दिवस खोल जात राहते. श्वासनलिकेला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला भोक पडून मुले दगावल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. नाकात घातलेला सेलही असाच जाळतो.

लक्षणे फसवी असतात. लाळ गळणे, खाणे नाकारणे, खोकला, उलटी, छातीवर हात ठेवून रडणे. आणि कित्येकदा यातले काहीच नाही. म्हणून सेल सापडत नाही आणि मूल जवळपास खेळत होते, एवढे पुरेसे आहे. लगेच निघायचे. बोटे घालून उलटी काढायची नाही, केळे किंवा भाकर भरवून ‘खाली ढकलायचे’ नाही. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झालेले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलभोवती थर धरतो आणि इजा मंदावते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या संशोधनात दिसले. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको. मध शोधण्यासाठी थांबायचे तर मुळीच नाही.

बोरगाव मेघेचे नशीब असे की सेवाग्राम आणि सावंगी मेघे या दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जवळच आहेत. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. रुग्णालयात गेल्यावर ‘काहीतरी गिळले’ किंवा ‘नाणे गिळले’ असे मोघम न सांगता ‘संगणकाचा सेल गिळला असावा’ असे पहिल्या वाक्यात सांगावे. नव्या सेलचे पाकीट असेल तर ते सोबत न्यावे. एक्स-रेमध्ये नाण्याची कडा एकेरी दिसते, सेलची दुहेरी, आणि तो अन्ननलिकेत असेल तर दुर्बिणीने तातडीने काढावा लागतो. नाण्यासाठी काही तास थांबता येते, सेलसाठी नाही.

तेव्हा बोर्डावरून सेल निघाला की तो टेबलावर ठेवण्याआधीच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळावी, झाकणाच्या डब्यात टाकून उंच ठेवावा आणि पुढच्या खेपेला दुकानदाराकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. वजनकाट्याचा, गाडीच्या रिमोटचा, भिंतीवरच्या दिव्याच्या रिमोटचा सेलही बहुधा याच जातीचा असतो. त्यांची झाकणे स्क्रूने घट्ट आहेत की नखाने उघडतात, तेही त्याच दिवशी पाहून घ्यावे.