मोझार्टच्या बहिणीचं काय झालं?

आठ-नऊ वर्षांच्या एखाद्या मुलाने मैफल गाजवली की बातमीत ‘दैवी देणगी’ हे शब्द हमखास येतात आणि घरोघरी पूर्वजन्मीच्या पुण्याईचा विषय निघतो. हाच अचंबा 1765 मध्ये लंडनला पडला होता. डेन्स बॅरिंग्टन या कायदेपंडिताने तेव्हा नऊ वर्षांच्या मोझार्टची परीक्षा घेतली. बापाने वय लपवलं असेल, या शंकेने त्याने साल्झबर्गहून जन्माची नोंदही मिळवली. पोराने पूर्वी न पाहिलेली स्वरलिपी सफाईने वाजवली, प्रेमाचं आणि संतापाचं गाणं बसल्या जागी रचलं. पण लाडकी मांजर आत येताच वाद्य सोडून तिच्यामागे पळाला. मधूनच काठीचा घोडा करून तो खोलीभर दौडायचा! माझ्या मते बॅरिंग्टनच्या अहवालातली ही सर्वांत मोलाची नोंद. संगीतात प्रौढांना मागे टाकणारं ते मूल एरवी मूलच होतं. अशी मुलं संगीत, गणित, बुद्धिबळात सापडतात, कादंबरीलेखनात सहसा नाही. कारण तिथे नुसते नियम पुरत नाहीत, आयुष्य जगलेलं असावं लागतं.

मग ही झेप येते कुठून? जन्मजात मानल्या जाणाऱ्या अचूक स्वरज्ञानाचंच पाहा. जपानमध्ये दोन ते सहा वर्षांच्या 24 मुलांना त्याचं शिक्षण दिलं गेलं. ते पूर्ण करणाऱ्या 22 जणांना, म्हणजे एकूण एक मुलांना, ते साधलं. हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सगळा रियाजाचाच प्रताप, असं कोणी म्हणेल. तेही खरं नाही. अर्जेंटिनातल्या बुद्धिबळपटूंच्या पाहणीत ‘मास्टर’ची पातळी गाठायला कुणाला सुमारे 3 हजार तास पुरले, तर कुणाला 23 हजारांहून अधिक लागले. शिकण्याचा वेग ज्याचा त्याचा असतो, तो बहुधा उपजत. पण त्या वेगाला लहानपणीच वाट मिळावी लागते. मोझार्टला ती घरातच मिळाली. त्याचे वडील लेओपोल्ड यांचा व्हायोलिनशिक्षणावरचा ग्रंथ मोझार्टच्या जन्मसालीच, 1756 मध्ये, प्रसिद्ध झाला होता.

त्याच घरात, त्याच गुरूकडे त्याची थोरली बहीण नानर्लही शिकली. युरोपभरच्या दौऱ्यांत तिचंही कौतुक झालं. 1769 मध्ये बापलेक इटलीला निघाले, तेव्हा 18 वर्षांच्या नानर्लला मात्र आईबरोबर घरी ठेवलं गेलं. दैवी देणगीच्या गोष्टीत ही बहीण कुठेच बसत नाही, म्हणून ती गोष्ट मला अपुरी वाटते. पुढच्याच वर्षी मोझार्टने पत्रातून तिच्या एका रचनेची मनापासून वाहवा केली. नानर्लची एकही रचना आज उपलब्ध नाही.