बाल्साचं धड

गोंदियाहून कामठ्याच्या वाटेला लागलं की बिरसीजवळ डोक्यावर घरघर सुरू होते. राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेची छोटी डायमंड विमानं धानाच्या बांध्यांवरून फेऱ्या घेत असतात. धावपट्टी मात्र जुनी, इंग्रजांनी महायुद्धाच्या काळात, १९४० साली बांधलेली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये ‘मॉस्किटो’ हे लाकडी विमान पहिल्यांदा उडालं. त्याच्या धडाची भिंत म्हणजे बर्चच्या दोन पातळ प्लायमध्ये बाल्साचा गाभा. डावं आणि उजवं अंग वेगवेगळं घडवायचं, तारा-नळ्या आत बसवायच्या, मग दोन्ही जोडायची. टेबलावर मॉडेल बांधणाऱ्याची रीत आजही फारशी वेगळी नाही.

बाल्सा मूळचा अमेरिकेतल्या उष्ण जंगलांचा, बाजारात येतो तो बहुतेक इक्वेडोरहून. तरी तो आपल्याला परका नाही, आपल्या काटेसावरीच्याच कुळातला आहे. सहा ते दहा वर्षांत तोडणीला येतो. मात्र एका झाडाचं लाकूड दुसऱ्यासारखं नसतं. मीटरभर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड अशी एक फळी ३० ग्रॅम भरते, तशीच दिसणारी दुसरी ६०. म्हणून धडाचं काम करवतीपासून नाही, तराजूपासून सुरू होतं.

धडाच्या लांबीभर चार कोपऱ्यांवर चार काड्या धावतात, त्यांना लाँजेरॉन म्हणतात. त्या निवडण्यात मी एक अख्खी दुपार घालवतो आणि ती वाया गेली असं मला कधी वाटलेलं नाही. काडीचं एक टोक टेबलाच्या कडेला दाबून धरायचं, दुसऱ्या टोकाला छोटंसं वजन लावायचं आणि ती किती वाकते ते पाहायचं. चौघी सारख्याच वाकल्या पाहिजेत. एक ताठ आणि एक लवचीक आली, की शेपटीकडे ओढून घेताना धड एका बाजूला वळतं. ते वळण पुढे कशानेही जात नाही.

नकाशा सपाट पाटावर पसरून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घालायचं, म्हणजे गोंद कागदाला धरत नाही. काड्यांच्या दोन्ही अंगांना टाचण्या रोवायच्या. काडीतूनच टोचली तर ती तिथेच मोडते. एक बाजू वाळली की तिच्यावरच दुसरी बांधायची, त्यामुळे दोघी तंतोतंत जुळ्या निघतात. मग मधले चौकटी फॉर्मर गुण्यात उभे करायचे आणि शेपटीची टोकं सर्वांत शेवटी जुळवायची. या क्षणी मी श्वास रोखून धरतो. डोळा नाकाच्या टोकाला लावून मागपर्यंत पाहायचं. मधली रेघ सरळ दिसली तरच गोंद.

शेपटीकडे हात आखडता हवा. तिथला भाग तोलबिंदूपासून लांब असतो आणि नाक जवळ. मागे एक ग्रॅम वाढला की तोल सावरायला पुढे दोन-तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. नवशिक्या भरपूर गोंद लावतो, सांधा पक्का व्हावा म्हणून. खरं तर सांधा पक्का होतो तो टोकं नीट घासून बसवल्याने.

आमच्याकडे पावसाळ्यात हे काम अवघड जातं. रोवणीच्या दिवसांत हवा इतकी ओली असते की लाकूड फुगतं, सांगाड्यावर ताणलेला टिश्यू कागद सैल पडतो. १९४४ मध्ये भारतात आलेल्या मॉस्किटोंच्याही लाकडी सांध्यांनी दगा दिला होता, काही विमानं जमिनीवर ठेवावी लागली. म्हणून मी धड दिवाळीनंतर जोडतो.

चाचणी धान कापल्यावर, बिरसीच्या धावपट्टीपासून पुष्कळ दूर. पंख रबराने बांधून, सकाळच्या स्थिर हवेत, खांद्याच्या उंचीवरून वाऱ्याच्या तोंडाशी हलकेच सोडायचं. नाक खाली गेलं तर शिशाचा एक कण कमी. पुन्हा सोडायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते बांध ओलांडून पुढच्या बांधीत अलगद उतरतं आणि मी धसकटांतून ते आणायला धावतो.