महामार्गाचे रुंदीकरण व रस्त्यांची देखभाल : कोकणातील रहिवाशांचा दृष्टिकोन

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणास २०११ मध्ये प्रारंभ झाला. याबाबत रहिवाशांचे मत एकसारखे नाही. ज्यांची घरे, दुकाने वा बागायती भूसंपादनात गेली, त्यांच्या दृष्टीने योग्य मोबदला महत्त्वाचा. तर नित्य प्रवास करणाऱ्यांना सुरक्षित रस्ता हवा आहे. मात्र रुंदीकरण रेंगाळल्यास वापरातील जुन्या रस्त्याकडे दुर्लक्ष होऊन पावसाळ्यात खड्डे वाढतात, ही तक्रार दोहोंचीही आहे. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळून प्राणहानी झाली. तेथे २०१७ मध्ये नवा पूल अल्पावधीत उभा राहिला. नवे बांधकाम त्वरेने होऊ शकते. गेलेले प्राण परत येत नाहीत. म्हणून देखभाल हे रुंदीकरण पूर्ण होईपर्यंत लांबणीवर टाकण्याचे काम नसून, शासनाचे स्वतंत्र व अखंड कर्तव्य होय.