टाकळी, कामठी आणि कलकत्त्याचा हुकूम

१८५७ च्या जून महिन्यात नागपूरजवळच्या टाकळी छावणीतील घोडदळाने कंपनी सरकारविरुद्ध उठण्याचा बेत केला, पण तेथून काही कोसांवर कन्हान नदीकाठी असलेल्या कामठीच्या मोठ्या छावणीतील मद्रासी पलटणींनी त्यात भाग घेतला नाही. दूर बसलेल्या राजसत्तेविरुद्ध तिच्या अमलाखालचे लोक केव्हा आणि का उठतात, या प्रश्नाचे उत्तर शोधताना या दोन छावण्यांमधील फरकाकडे इतिहासलेखनाने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

कामठीची छावणी १८२१ साली वसली. नागपूरकर भोसल्यांनी १८१६ च्या तहाने तैनाती फौज, म्हणजे राज्याच्या खर्चाने पोसलेली पण कंपनीच्या हुकमतीत असलेली फौज, स्वीकारली होती. पुढच्याच वर्षी सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला आणि राज्याची खरी सूत्रे रेसिडेंटाकडे, म्हणजे दरबारी नेमलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीकडे, गेली. तरीही गादी होती, दरबार होता आणि त्या दरबाराच्या आश्रयाने जगणारे सरदार, शिलेदार, कारकून व कारागीर होते, त्यामुळे परक्या अमलाची धग सामान्य माणसापर्यंत थेट पोचत नव्हती.

हे आवरण ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले पुत्राविना निवर्तले तेव्हा गळून पडले. राजघराण्याने यशवंतराव अहेरराव यांस दत्तक घेऊन जानोजी हे नाव दिले, परंतु गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तकाचा हक्क अमान्य करून राज्य खालसा केले. येथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवली पाहिजे: रेसिडेंट मॅन्सेल यांचे मत राजघराण्याला अनुकूल होते आणि गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातील कर्नल लो यांनी राज्य घेण्याविरुद्ध आपले मत लेखी नोंदवले होते. लोकांना ओळखणाऱ्यांनी इशारा दिला होता, पण निर्णय कलकत्त्यात झाला, त्यावर मान्यतेची मोहोर लंडनमध्ये उमटली, आणि विलायतेतील गिरण्यांना लागणारा वऱ्हाडचा कापूस त्या विचारात उघडपणे मोजला गेला. त्यानंतर वाड्यातील हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. राज्य जाण्याचा अर्थ ज्यांना कागदावरून कळला नसता, त्यांना तो या लिलावाने कळला.

अमेरिकेतील तेरा वसाहतींचे उदाहरण येथे उपयोगी पडते. १७६५ च्या मुद्रांक कायद्यापासून त्या वसाहतकऱ्यांचे लंडनशी बिनसत गेले, आणि १७७५ साली एडमंड बर्क याने पार्लमेंटात बजावले की मध्ये पसरलेला महासागर आणि हुकूम सुटण्यापासून अंमल होईपर्यंत जाणारे महिने कोणत्याही सरकारला दुर्बळ करतात. मात्र तेथील लोक राज्यकर्त्यांचेच भाऊबंद होते, त्यांच्या स्वतःच्या विधिसभा होत्या, आणि गेलेला हक्क कोणता हे सांगायला त्यांच्याजवळ मान्य भाषा होती. नागपूरच्या प्रजेजवळ अर्ज करण्यापलीकडे काही नव्हते. साताऱ्याच्या गादीसाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे खेटे घातले, १८५३ साली ते रिकाम्या हाताने परतले, आणि १८५७ मध्ये त्याच गृहस्थांनी उठावाची जुळवाजुळव केली. अर्जाची वाट जेथे संपते तेथे बंडाची सुरू होते, हे त्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते.

टाकळीचा बेत १३ जूनच्या रात्रीचा होता. शहरातून आकाशात अग्निबाण-फुगा सोडून इशारा द्यायचा असे ठरले होते. पायदळाने साथ दिली नाही, बेत फसला, घोडदळाची शस्त्रे काढून घेण्यात आली आणि म्होरक्यांना फाशी झाली. ज्यांचे सर्वांत जास्त गेले होते त्या राजघराण्यातील वृद्ध बाकाबाईंनी आपले वजन इंग्रजांच्या बाजूने टाकले. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण पेन्शनीवर टेकलेल्या घराण्याला गमावण्याजोगे अजून काही उरले होते, हे विसरता येत नाही. अन्यायाची तीव्रता आणि उठण्याची तयारी यांचे प्रमाण सारखे नसते.

कामठीच्या पलटणींचे वेगळेपण यातूनच उलगडते. ते शिपाई दक्षिणेतील होते, त्यांची बायकामुले पलटणीबरोबर छावणीतच राहत, आणि नागपूरच्या गादीशी किंवा १८५६ साली खालसा झालेल्या अयोध्येशी त्यांचे नाते नव्हते. उलट बंगाल फौजेतील असंख्य शिपायांची घरे अयोध्येतच होती. टाकळीच्या स्वारांचे लागेबांधे मात्र नागपूर शहराशी होते. कामठीहून निघालेली मद्रासी फौज पुढे जबलपूरकडे गेली आणि तेथील बंडवाल्या ५२ व्या पलटणीशी लढली. म्हणजे दूरच्या सत्तेने नागपूरचा प्रदेश नागपूरबाहेरच्या माणसांच्या बळावर राखला. साम्राज्य टिकवण्याची ही जुनी रीत होती आणि ती कामठीत पुरी यशस्वी झाली.

पुढे सरकारनेच आपले धोरण फिरवले. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने संस्थानिकांचे हक्क राखण्याचे वचन दिले, नंतर लॉर्ड कॅनिंगने त्यांना दत्तकाच्या सनदा दिल्या, आणि ज्या जानोजींचा दत्तक पूर्वी नाकारला होता त्यांना देऊरचे राजाबहादूर म्हणून मान्यता मिळाली. नागपूरचे राज्य मात्र परत मिळाले नाही. १८६१ साली ते नव्या मध्य प्रांतात सामील करण्यात आले.