अंगठ्याखालचा आवाज

बोलायचं असेल तर मला आधी उजव्या हाताचा अंगठा गळ्यावर ठेवावा लागतो. मानेच्या तळाशी, दोन हाडांमधल्या खळगीत एक छिद्र आहे. माझा श्वास नाकातून चालत नाही, तिथून चालतो. ते छिद्र अंगठ्याने झाकलं की छातीतली हवा सिलिकॉनच्या एका लहानशा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत शिरते. तिथली मऊ भिंत थरथरते आणि त्या थरथरीतून जीभ आणि ओठ शब्द घडवतात. आवाज जाड येतो, घोगरा येतो. फोनवर अनोळखी माणसाला वाटतं की लाइनच खराब आहे. पण शब्द कळतात.

मी एसटीत कंडक्टर होतो, सातारा डेपोला. कंडक्टरचं अर्धं काम आवाजाचं. स्वारगेटला गाडी लागली की ‘सातारा, सातारा’ करून फलाट दणाणून सोडायचा, भुईंज आलं, पाचवड आलं की मागच्या बाकावर झोपलेल्याला जागं करायचं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी आवाज बसला. वय 67. थंडी असेल, पित्त असेल, म्हणून घरचे काढे झाले. आवाज काही उघडेना. अखेर कान-नाक-घसा डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली आणि तुकडा तपासायला पाठवला. स्वरयंत्राचा कॅन्सर. गाठ कूर्चेत शिरली होती, त्यामुळे स्वरयंत्र पूर्ण काढणं हाच मार्ग उरला होता.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला राहिला तर काढा बंद आणि घसा डॉक्टरांना दाखवायचा. विडी, सिगारेट, तंबाखू आणि जोडीला दारू ही या रोगाची मोठी कारणं. गाठ लहान असताना सापडली तर नुसत्या रेडिएशनने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने आवाज वाचू शकतो.

स्वरयंत्र काढलं की श्वासनलिकेचं तोंड मानेवर आणून शिवतात. कायमचं. तोंड आणि फुप्फुस यांचा संबंध तुटतो. सर्जननी मला धीर द्यायला सांगितलं होतं की ही शस्त्रक्रिया नवी नाही, व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ती 1873च्या अखेरीस पहिल्यांदा केली. तेव्हा मला त्या सनावळीचं काही वाटलं नाही. काय काय जाणार, एवढंच मी मोजत होतो. चहावर फुंकर मारता येत नाही. शिट्टी वाजत नाही. जड पोतं उचलायचं तर श्वास कोंडून धरता येत नाही. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमात मी लहानपणापासून पोहलो, तेही संपलं, कारण छिद्रात पाणी गेलं तर ते थेट फुप्फुसात जातं. हसू येतं पण त्याला आवाज नसतो. रडण्यालाही नसतो. दवाखान्यातल्या रात्री मी रडलो तेव्हा कॉटखाली चटई टाकून झोपलेल्या बायकोला कळलंसुद्धा नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “वाचलात, देवाची कृपा समजा.” नाकात जेवणाची नळी, हातात पाटी-पेन्सिल, आणि समोरच्याची अपेक्षा अशी की मी हात जोडावेत. मी पाटी उलटी ठेवायचो. आजारी माणसाच्या घरच्यांना मला कळकळीने सांगायचं आहे की त्याच्याकडून आभार वसूल करू नका. त्याचं जे गेलं आहे त्याचा शोक त्याला करू द्या. माझी मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिने सांगितलं की अमेरिकेतल्या रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोघांनी 1990च्या दशकात मोठ्या आघातातून गेलेल्या माणसांचा अभ्यास केला. काहींना नंतर माणसं जास्त जवळची वाटू लागली, रोजचं जगणं मोलाचं वाटू लागलं. पण हा बदल दुःखाची जागा घेत नाही. दुःखाशी झगडता झगडताच तो येतो, आणि दोन्ही एकाच माणसात एका वेळी नांदतात. मुलगी हे सांगत होती तेव्हा कुणीतरी माझी बाजू घेतल्यासारखं वाटलं मला.

माझ्यात बदल सुरू झाला तो एका साध्या प्रश्नाने. मी वाचलो ते नेमकं कुणामुळे? कृपा वगैरे ठीक आहे, पण माणसं कोण? रोज संध्याकाळी डेपोत रोकड भरताना वेबिलशी ताळा जुळवायचो, तसा मी हा हिशेब जुळवायला बसलो. सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर सगळ्यांनाच आठवतात. पण रात्री कफाने छिद्र बंद होऊन जीव घाबरा व्हायचा तेव्हा सक्शनची नळी घेऊन धावत येणारी सिस्टर? मानेला आरसा धरून “बघा बाबा, हे आता तुमचं नाक” म्हणणाऱ्या वॉर्डातल्या मावशी? महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद जुळवून देणारा काउंटरवरचा मुलगा? आणि रक्त. मला दोन पिशव्या चढवल्या. पिशवीवर नंबर असतो, गट असतो, नाव नसतं. ती दोन माणसं कुठे राहतात, काय करतात, मला कधीच कळणार नाही.

रक्त परत द्यावं म्हटलं तर 65 वर्षांनंतर आपल्याकडे रक्तदान करता येत नाही, आणि कॅन्सर झालेल्याला तर नाहीच. म्हणून गणपतीत आमच्या मंडळाचं शिबिर असतं तेव्हा मी टेबलापाशी उभा राहतो. रक्त देऊन उठलेल्या पोरांना चहा-बिस्किटं देतो, अंगठा लावून प्रत्येकाला सांगतो, “बाळा, मी तुमच्यासारख्यांच्याच रक्तावर उभा आहे.” काही पोरं दचकतात. एक-दोघं तरी पुढच्या वर्षी मित्राला घेऊन येतात.

गळ्यातल्या व्हॉल्व्हमागेही अशीच माणसं आहेत. स्वरयंत्र गेलेल्यांना पूर्वी ढेकर देऊन बोलायला शिकावं लागे, किंवा मानेला टेकवायचं विजेवरचं यंत्र वापरावं लागे. 1980च्या सुमारास अमेरिकेत एरिक ब्लॉम आणि मार्क सिंगर यांनी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसणारा एकतर्फी व्हॉल्व्ह पुढे आणला. हवा पलीकडे जाते, पाणी अलीकडे येत नाही. आयात व्हॉल्व्हची किंमत हजारोंत, आणि तो काही महिन्यांनी खराब होतो, पाणी पिताना गळू लागतो, बदलावा लागतो. बंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी एका उद्योजक मित्राच्या मदतीने 50 रुपयांत देता येईल असा व्हॉल्व्ह बनवला. परवडत नाही म्हणून मुकं राहायचं, हे त्यांना सहन झालं नाही. रोज सकाळी बारीक ब्रशने व्हॉल्व्ह साफ करताना मला ही तिन्ही नावं आठवतात. देवघरासमोर उभं राहण्याआधीच आठवतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

वास येणं बंद झालं होतं, कारण नाकातून हवाच जात नाही. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी एक युक्ती शिकवली. ओठ मिटून, चारचौघांत जांभई लपवतो तसं जबडा आणि जीभ खाली ओढायची. तोंडात पोकळी होते आणि थोडी हवा नाकातून आत खेचली जाते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी बसवलेली ही पद्धत आहे. पुष्कळ दिवस काही येईना. मग एकदा मोती चौकातून जाताना पेढेवाल्याच्या कढईतला खमंग खवा नाकाला लागला. मी रस्त्यातच उभा राहिलो आणि पुन्हापुन्हा जबडा खाली ओढत राहिलो. कंदी पेढा आयुष्यभर खाल्ला, पण त्याचा वास इतकं मन लावून मी कधी घेतला नव्हता.

आता एसटीत बसलो की तिकीट बोलून काढतो. “कराड, एक अर्धं.” सून म्हणते, मोबाइलवर लिहून दाखवा, घसा दुखेल. पण ते शब्द मला तोंडानेच म्हणायचे असतात. एका श्वासात माझे मोजकेच शब्द बसतात, म्हणून भाऊबंदकीच्या वादात मी ते घालवत नाही. नातवाला गोष्ट सांगायला, बायकोला भाजी छान झाली म्हणायला ते लागतात. नोकरीत असताना भाजीबद्दल मी कधी चकार शब्द काढत नव्हतो.

शस्त्रक्रिया ठरलेला पेशंट असला की दवाखान्यातून मला बोलावणं येतं. डॉक्टर चित्र काढून समजावतात, मी समोर बसून बोलतो. पाटण भागातले एक शेतकरी होते. सगळं ऐकून घेतलं आणि बसक्या आवाजात एवढंच विचारलं, “बैलांना हाक कशी मारायची?” मी खरं ते सांगितलं, मोठी हाक जमणार नाही. पुढे त्यांची शस्त्रक्रिया झाली, व्हॉल्व्ह बसला. भेटले तेव्हा म्हणाले, बैल आता टाळीला वळतात. त्यांच्याकडून मी ती टाळी घेतली. नातू माहुलीला पोहायला शिकतो, त्याचा बाप पाण्यात असतो आणि मी घाटाच्या पायरीवरून टाळ्या वाजवतो. एक टाळी म्हणजे हात मार, दोन म्हणजे माघारी फिर.

या पेशंटांच्या घरच्यांना मी एक गोष्ट दोनदा सांगतो, आणि ती इथेही सांगतो. मानेला सुती रुमाल किंवा जाळीचा पट्टा बांधलेला माणूस रस्त्यात कोसळलेला दिसला तर आधी तो रुमाल बाजूला करून बघा. तिथे छिद्र असेल तर त्यावर काही झाकू नका, पाणी पडू देऊ नका. रुग्णवाहिकेसाठी 108 फिरवा, आणि ती आली की पहिल्यांदा हे सांगा: हा माणूस मानेतून श्वास घेतो, ऑक्सिजनचा मास्क मानेवर लावा.