मिशनबाहेरचा कवी

ज्या धर्मासाठी एखाद्या मनुष्याने घरदार, आप्तेष्ट आणि समाजातील स्थान यांवर पाणी सोडावे, त्याच धर्माची संस्था त्याने बावीस वर्षांनी आपण होऊन सोडावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात ती घडली. श्रद्धा ढळल्यामुळे ती घडली असे म्हणता येत नाही. कारण मिशन सोडल्यानंतरची त्यांची वाणी अधिकच ख्रिस्तमय झाली. तेव्हा या त्यागाचे मूळ अन्यत्र शोधले पाहिजे, आणि ते त्यांच्या कवित्वाच्या फार जवळ सापडते.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव हे टिळकांचे जन्मग्राम. चित्पावन घराण्यातील संस्कार, संस्कृतचे अध्ययन आणि संतकाव्याची गोडी ही त्यांची शिदोरी होती. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्याने दिलेला ‘नवा करार’ त्यांनी जिज्ञासेने वाचला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत एकट्या टिळकांनी मोजली नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना लहानग्या मुलासह काही वर्षे पतीपासून दूर, आप्तांच्या आधाराने काढावी लागली. पुढे दोघे एकत्र आली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा काळ ज्या निर्व्याज विनोदाने उतरला आहे, त्याला मराठीत तोड नाही.

अहमदनगर हे टिळकांचे कार्यक्षेत्र झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या विद्यालयात ते शिकवीत. १९०४ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. या वर्षांत त्यांचे घर कवींचे माहेर बनले होते. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्या तरुण ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ते पुढे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. टिळक स्वतः फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जात होते.

मग अडचण कोठे होती? ती दुहेरी होती. पहिली अडचण भाषेची. त्या काळी मराठी मंडळ्यांतून पाश्चात्त्य चालींवर बेतलेली, भाषांतरित गीते पुष्कळ गायिली जात. ज्याच्या कानांत ज्ञानोबा-तुकोबा घुमत होते, त्याला ही उसनी वाणी परकी वाटणे स्वाभाविकच होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भावना होती. कृष्णराव सांगळे आदींनी अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा आधीच पाडला होता. टिळकांनी अभंग आणि भजन यांच्या द्वारे उपासनेलाच मराठी रूप दिले.

दुसरी अडचण अधिक खोल होती. या देशात धर्माचा अधिकार वैराग्याने मिळतो. संताला वेतन नसते. त्याचे शब्द लोक ऐकतात ते त्याने काही सोडलेले असते म्हणून. परदेशी द्रव्यावर पोसलेला उपदेशक कितीही तळमळीने बोलला, तरी श्रोत्याला प्रथम त्याचा पगार दिसतो. अभंग तर वैराग्याचीच भाषा. ती बोलावयाची आणि दरमहा वेतन घ्यावयाचे, हा विरोध कवीच्या मनाला डाचू लागला. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्याला, त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, तेथे मज्जाव नव्हता.

हाच पेच इतरत्रही दिसतो. बंगालमध्ये बांकुरा येथे अध्यापन करणारे वेस्लियन धर्मोपदेशक एडवर्ड थॉम्पसन १९२३ साली मायदेशी परतले, पुढे धर्मोपदेशकपदातून मुक्त झाले, आणि कवी, नाटककार व रवींद्रनाथांचे भाष्यकार म्हणून लिहीत राहिले. मात्र थॉम्पसन उपदेशाकडून साहित्याकडे वळले. टिळकांनी साहित्य आणि साधना एकच मानली. टिळकांचा विचार वाया गेला नाही. त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. लखनौस १९०७ साली धर्मोपदेशक म्हणून आलेले स्टॅन्ली जोन्स यांनीही १९३० साली सातताल येथे आश्रम उभारला.

टिळकांना मात्र अवधी थोडाच मिळाला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे आरंभीचे काही अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि अखेरची भर पुत्र देवदत्त यांनी घातली. धर्मांतराने जे घर एकदा दुभंगले होते, ते या काव्यात पुन्हा एक झाले. आणि ज्या मंडळ्यांच्या चौकटीबाहेर टिळक पडले, त्यांच्याच उपासनेत त्यांची भजने आजही गायिली जातात.