जुन्या लाँचची बैठक

गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या एखाद्या जुन्या लाँचवर बसलात, तर बाकाच्या कडेवरून सहज बोट फिरवा. रेक्झिन उसवते ते बहुधा शिवणीपाशी. सुती दोरा खाऱ्या दमट हवेत कुजतो, लोखंडी खिळे गंजतात. साधा फोम पाणी धरून ठेवतो आणि खालचे प्लायवूड गुपचूप सडते. जाणता कारागीर आधी जुने आवरण अलगद सोलतो. त्याच मापाने नवे बेततो. मग आयएस ७१० चे मरीन प्लाय, पाणी न शोषणारा फोम, पॉलिएस्टर दोरा, स्टेनलेस पिना, तळाला निचऱ्याची भोके. बँकेत आम्ही घसारा वर्षअखेरीस लिहीत असू. होडीचा घसारा समुद्र रोज लिहितो. नुसते कापड बदलणारा मालक सडकी फळीच झाकून ठेवतो. तिच्यावर माणसे बसायची असतात, मांडीवर लेकरे घेऊन.